डिश घ्यावी की केबलच ठेवावी?

नव्या घरात टीव्ही भिंतीवर चढला की दोन-चार दिवसांत हा प्रश्न येतोच. खालचा केबलवाला आपलं कार्ड देऊन जातो, दुकानातला मुलगा डीटीएचच्या ऑफरचं पत्रक हातात ठेवतो आणि शेजारीपाजारी ठाम सल्ले देऊ लागतात. एकाच्या मते पावसाळ्यात डिश म्हणजे नुसती डोकेदुखी. दुसरा म्हणतो, केबलवाल्याच्या मागे फिरण्यापेक्षा डिश कधीही बरी. दोघेही खरंच सांगत असतात, फक्त आपापल्या घरापुरतं. एकाच इमारतीत पूर्वेच्या फ्लॅटला जे सोयीचं, ते पश्चिमेच्या फ्लॅटला जमेलच असं नाही. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी चित्र आपल्या पडद्यापर्यंत येतं कसं, ते पाहायला हवं.

१. उगम एकच

डिश म्हणजे उपग्रह आणि केबल म्हणजे तार, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ती अर्धीच बरोबर आहे. केबलवरचं चित्रही बहुतांशी उपग्रहावरूनच खाली येतं.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर त्याला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ लागतो. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा राहतो. अशा उपग्रहांवरून साऱ्या जगाला संदेश पोचवता येतील, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच एका लेखात मांडलं होतं. भारतात त्याचा मोठा प्रयोग १९७५-७६ साली झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखवले गेले. त्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या बसवल्या होत्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आजही मूळ रचना तीच आहे. वाहिनी आपलं प्रक्षेपण उपग्रहाकडे पाठवते आणि उपग्रह ते खाली सोडतो. ते केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमवरच्या मोठ्या छत्र्या पकडतात. तिथून ऑप्टिकल फायबरने ते वस्तीपर्यंत आणि वस्तीतून काळ्या तारेने घरापर्यंत येतं. डीटीएच कंपनीसुद्धा बहुतेक वाहिन्या अशाच पकडते, पण तारा ओढत बसण्याऐवजी त्यांचा एक गठ्ठा बांधून तो पुन्हा वर, आपल्या उपग्रहाकडे पाठवते. तो उपग्रह हा गठ्ठा देशभर खाली सोडतो आणि तुमच्या गच्चीवरची छोटी छत्री तो झेलते.

गावात नळयोजना असते आणि एखाद्याच्या परसात स्वतःची विहीर असते. पाणी त्याच जमिनीतलं, पण मोटर जळली तर धावपळ कुणी करायची, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं. केबल आणि डीटीएच यांतला खरा फरकही इतकाच आहे: छत्री कुणाच्या गच्चीवर आहे आणि तिथून पडद्यापर्यंतच्या वाटेची जबाबदारी कुणाची आहे. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

२. आपण इथवर कसे आलो

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं आणि पुढची बरीच वर्षं गच्चीवरचा ॲल्युमिनियमचा अँटेना पुरेसा होता. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींत कुणीतरी एका खोलीत व्हिडिओ प्लेअर ठेवून मजल्यामजल्यांवर तारा सोडल्या आणि रात्री सिनेमे दाखवू लागला. आपल्याकडची केबल ही अशी सुरू झाली. १९९१ मध्ये आखाती युद्धाची थेट दृश्यं उपग्रहावरून आली, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. व्हिडिओवाल्यांनी गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि ते केबलवाले झाले. परवाना, नियम, कायदा यांतलं काहीच तेव्हा नव्हतं. केबलचा कायदा झाला तो १९९५ मध्ये.

थेट घरात उपग्रहाचं प्रक्षेपण घ्यायला मात्र सरकार बिचकत होतं. जुलै १९९७ मध्ये त्यावर बंदी आली आणि नोव्हेंबर २००० मध्ये ती उठली. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा, २००६ मध्ये टाटा स्काय (आताचा टाटा प्ले), मग सन डायरेक्ट, एअरटेल आणि व्हिडिओकॉन डीटूएच, अशी रांग लागली. यांतला डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाला.

केबलच्या जगात याच काळात एक वेगळंच भांडण चाललं होतं. जुन्या पद्धतीत तारेतून सगळ्या वाहिन्या उघड्याच वाहायच्या. कुणाच्या घरी किती जोडण्या आहेत, हे केबलवाल्याशिवाय कुणालाच कळत नसे. तो पाचशे घरांकडून पैसे घ्यायचा आणि वर शंभर घरं दाखवायचा, ही वाहिन्यांची कायमची तक्रार. सरकारलाही करमणूक कर बुडत असल्याची शंका होती. म्हणून प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स सक्तीचा करण्याचं ठरलं. पहिले प्रयत्न रखडले. शेवटी २०११ मध्ये कायद्यात बदल झाला आणि १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यात जुनी केबल बंद व्हायला लागली. २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी शहरं आली आणि २०१७ पर्यंत खेड्यांचीही पाळी आली. बॉक्स आला आणि घरांची मोजदाद होऊ लागली. प्रेक्षकाच्या भल्यासाठी म्हणून जे सांगितलं गेलं, त्यामागे हा हिशेबाचा भाग मोठा होता, असं माझं मत आहे.

आपल्या बाजूने फायदा झाला तो चित्राचा. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि आपण त्या मुंग्यांसकट क्रिकेट पाहायचो. आता तसं होत नाही. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ असतं आणि एका मर्यादेखाली गेला की चौकोन पडून एकदम गायब होतं.

३. छत्रीचं तोंड कुठे असतं?

डीटीएच घ्यायचं की नाही, याचा निर्णय माझ्या मते गच्चीवर किंवा खिडकीत उभं राहून घ्यावा, दुकानात घेऊ नये. त्याचं कारण भूगोलात आहे.

भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान, विषुववृत्तावर आहेत. मुंबई सुमारे ७३ अंशांवर, नागपूर ७९ अंशांवर, आणि महाराष्ट्राचं अगदी पूर्वेचं टोकही ८१ अंशांच्या आतच. म्हणजे हे सगळे उपग्रह आपल्या दक्षिणेला आणि थोडेफार पूर्वेला. मुंबई-ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत आणि खाली गोव्यातही सगळ्या छत्र्या दक्षिण ते पूर्व याच पट्ट्यात तोंड करून उभ्या दिसतात.

एक उदाहरण घेऊ. दूरदर्शनची फ्री डिश सेवा ९३.५ अंशांवरच्या उपग्रहावरून येते. मुंबईतून तो उपग्रह जवळजवळ अचूक आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर असतो. तुमची बाल्कनी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल आणि सोसायटी गच्चीवर छत्री लावू देत नसेल, तर कितीही चांगली ऑफर असो, उपयोग नाही. बाल्कनी आग्नेयेलाच आहे, पण समोर वीस मजली टॉवर उभा राहतोय, अशी वेळही हल्ली येते. या लहरी भिंतीतून जात नाहीत. पानांनी गच्च भरलेल्या झाडातूनही त्या नीट येत नाहीत. डिसेंबरात छत्री लावली आणि जूननंतर समोरचं झाड भरलं की चित्र जाऊ लागतं, याचं कारण बरेच जण पावसात शोधत बसतात.

छत्री नीट पाहिली तर एक गोष्ट खटकेल. उपग्रह ५८ अंश वर आहे म्हणावं, तर छत्री तेवढी आकाशाकडे पाहत नाही. ती बरीच उभी, समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याकडे बघतेय असं वाटतं. याचं कारण, घरगुती छत्री ही मोठ्या वाटीचा एका बाजूने कापलेला तुकडा असते. वरून आलेल्या लहरी ती तिरप्या वळवते आणि पुढच्या दांड्यावर बसवलेल्या लहान डब्यात गोळा करते. या डब्याला एलएनबी म्हणतात. इतक्या लांबून आलेला सिग्नल अतिशय क्षीण असतो. एलएनबी तो वाढवतो आणि साध्या तारेतून बॉक्सपर्यंत जाऊ शकेल अशा रूपात आणतो. त्याला लागणारी वीज त्याच तारेतून बॉक्स पुरवतो. म्हणूनच बॉक्स चालू असताना तारेची पिन काढू-घालू नये.

साठ सेंटिमीटरची छत्री दीडएक अंशाने जरी हलली, तरी तिच्या हाती येणारा सिग्नल निम्म्यावर येतो. कपडे वाळत घालताना लागलेला धक्का, वादळी वारा, गंजून सैल झालेला बोल्ट, एवढंही पुरतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ आणि सिग्नल क्वालिटी असे दोन पट्टे दिसतात, ते पाहावेत. पहिला भरलेला आणि दुसरा शून्य असेल, तर बहुधा छत्रीचं तोंड फिरलं आहे. दोन्ही शून्य असतील, तर तार किंवा एलएनबी. तंत्रज्ञ बोलावताना फोनवर एवढं सांगितलं तरी त्याची एक खेप वाचते.

४. पाऊस आणि डिश

पावसात डिश जाते, हे खरं आहे. का जाते, हे कळलं की ती कधी जाईल याचाही अंदाज येतो.

डीटीएचच्या लहरी सेकंदाला सुमारे १२ अब्ज वेळा कंप पावतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला १२ अब्जाने भागलं की एका लहरीची लांबी निघते अडीच सेंटिमीटर. केबलच्या कंट्रोल रूमवरच्या मोठ्या छत्र्या बहुधा ४ अब्ज कंपनांच्या लहरी पकडतात. तीच आकडेमोड केली की त्यांची लांबी येते साडेसात सेंटिमीटर. पावसाचा मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. लहर जितकी आखूड, तितकी ती थेंबांत जास्त शोषली आणि विखुरली जाते. लांब लहरीला तोच पाऊस फारसा जाणवत नाही. शिवाय कंट्रोल रूमवरची छत्री दोन-तीन मीटर किंवा त्याहून मोठी असते, त्यामुळे थोडं नुकसान ती पचवते.

मग सगळ्यांनीच लांब लहरी का वापरू नयेत? कारण त्या पकडायला घरोघरी तेवढी मोठी छत्री लागली असती. दोन फुटी छत्रीची सोय हवी असेल, तर आखूड लहर आणि तिच्याबरोबर पावसाची थोडी कटकट, हा सौदा करावा लागतो.

रिमझिम पावसाने डिश जात नाही. आषाढातली दिवसभराची संततधार ती बरेचदा निभावून नेते. तिला झोडपतो तो वळवाचा दणकट पाऊस, कोकणातला धो धो आणि मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात गडगडाटासह येणारा. चित्र जातं ते सहसा पाऊस कमी होईपर्यंत, काही मिनिटांसाठी. त्यात एक गंमतही आहे. लहरी तिरप्या येत असल्यामुळे पावसाचा ढग तुमच्या डोक्यावर असावा लागत नाही. आपल्याकडे पावसाच्या पट्ट्याची उंची साधारण पाच किलोमीटर धरली आणि उपग्रह ५८ अंश वर असला, तर तुमच्या घरापासून आग्नेयेला तीन किलोमीटरपर्यंतचा ढग वाटेत येऊ शकतो. अंगणात ऊन आणि टीव्ही बंद, असं त्यामुळे घडतं.

डिशला पावसाखेरीज सूर्याचाही त्रास होतो. मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो. सूर्याकडूनही रेडिओलहरी येतात आणि त्या गोंधळात उपग्रहाचा सिग्नल काही मिनिटं बुडून जातो. हा अडथळा केबलवाल्याच्या छत्रीलाही चुकत नाही. मुंबईच्या शेअर बाजाराचे दलाल पूर्वी उपग्रहाच्या दुव्यांवरून व्यवहार करत. त्या काळी या दिवसांत बाजाराला दुपारच्या आधी काही वेळ व्यवहार थांबवावे लागत.

आणि क्वचित उपग्रहच आजारी पडतो. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या सौरपट्ट्यांत बिघाड झाला, त्यावरची निम्मी प्रक्षेपण-यंत्रं बंद ठेवावी लागली आणि सन डायरेक्ट व दूरदर्शन यांच्या डीटीएच सेवेला फटका बसला. तिथे तंत्रज्ञ पाठवायची सोय नसते.

५. गल्लीतली तार

आता केबलची बाजू. पावसाने हिचं चित्र आकाशात जात नाही, ते खांबावर जातं. जोडणीच्या डबीत पाणी शिरतं, फांदी पडते, रस्ता खोदताना फायबर तुटतो. पण दोष सापडला की माणूस शिडी घेऊन येतो आणि दुरुस्त करून जातो. तो माणूस कसा आहे, यावर तुमची केबल चांगली की वाईट ते ठरतं. एकाच शहरात, एकाच मोठ्या कंपनीचं प्रक्षेपण घेणाऱ्या दोन पेठांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे केबल घेण्यापूर्वी कंपनीचं नाव विचारण्यापेक्षा शेजाऱ्याला विचारावं, की रविवारी संध्याकाळी तक्रार केली तर कोण येतं.

विजेची गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तारेतून जाताना सिग्नल दर काही अंतराने क्षीण होतो, म्हणून वस्तीत ठिकठिकाणी तो वाढवणारे ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या गच्चीवर, बहुधा त्याच इमारतीच्या विजेवर. भारनियमन झालं किंवा डीपी उडाली, की तुमच्या घरचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण दोन गल्ल्या पलीकडच्या जिन्यातला ॲम्प्लिफायर बंद पडतो आणि पडद्यावर सिग्नल नाही. डिशला मधे कुणी नाही. घरात वीज असली की झालं. ज्या तालुक्यांत दिवसाचे काही तास वीज जाते, तिथे हा एक मुद्दा बाकीच्या चार मुद्द्यांवर भारी पडतो. केबलवाल्याने ॲम्प्लिफायरला बॅटरी लावली आहे का, हे विचारायला लाजू नये.

केबलची दोन बळं डिशला मिळत नाहीत. पहिलं इंटरनेटचं. डिशची वाट एकतर्फी आहे, वरून खाली. तारेतून ये-जा दोन्ही होते, म्हणून अनेक केबलवाले त्याच जोडणीबरोबर ब्रॉडबँड देतात आणि दोन्ही मिळून बिल कमी करतात. दुसरं बळ गावच्या वाहिनीचं. डीटीएचचा उपग्रह एकच गठ्ठा साऱ्या देशावर सोडतो, त्यामुळे एका शहरापुरती वाहिनी त्यात बसवणं परवडत नाही. केबलला ते सहज जमतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांसारख्या शहरांत संध्याकाळच्या स्थानिक बातम्या, पालिकेतली भांडणं, विसर्जनाची मिरवणूक हे सगळं केबलवर दिसतं. घरातल्या आजोबांसाठी कधीकधी तेवढं एकच कारण पुरेसं असतं.

६. बिलाचा हिशेब

केबल स्वस्त आणि डिश महाग, हे विधान आता जुनं झालं. २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नवी पद्धत ठरवली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ती पूर्णपणे लागू झाली. त्यात बिलाचे दोन तुकडे केले गेले.

पहिला तुकडा म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी. चित्र घरापर्यंत आणून दिल्याचं हे भाडं. सुरुवातीला १०० वाहिन्यांसाठी याची कमाल मर्यादा १३० रुपये होती. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देणं बंधनकारक झालं. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादाच काढून टाकली गेली. आता हे भाडं ज्याचं तो ठरवतो, पण ते जाहीर करावं लागतं.

दुसरा तुकडा वाहिनीचा. प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत वाहिनीवाला ठरवतो आणि ती केबल व डिश या दोन्हींसाठी सारखीच असते. एखादी वाहिनी १९ रुपयांची असेल, तर ती कुठेही सुटी घेतली तरी १९ रुपयांचीच. तेव्हा दोन सेवांच्या बिलांत फरक पडतो तो भाड्यात आणि वाहिन्यांच्या गठ्ठ्यांवर मिळणाऱ्या सवलतीत.

हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. भाडं १३० रुपये, मराठी-हिंदी वाहिन्यांचा गट ७० रुपये, एक क्रीडा वाहिनी १९ रुपये. बेरीज २१९. त्यावर जीएसटी ३९ रुपये ४२ पैसे. महिन्याला २५८ रुपये ४२ पैसे. आता आतल्या खोलीत दुसरा टीव्ही लावला. २०२०च्या नियमात दुसऱ्या टीव्हीचं भाडं पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नसे, म्हणजे ५२ रुपये. पण वाहिन्यांचे ८९ रुपये पुन्हा लागले, तर बेरीज १४१ आणि करासह १६६ रुपये ३८ पैसे. दोन टीव्हींचं बिल ४२४ रुपये ८० पैसे झालं. अर्थात दुसऱ्या टीव्हीवर आईला फक्त दोन मराठी वाहिन्या हव्या असतील, तर तिथे तेवढ्याच घ्याव्यात. दोन्ही बॉक्सवर एकच पॅक टाकायची सवय कंपन्यांच्या फायद्याची आहे.

बॉक्सचंही पाहावं. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. हे बदलावं, अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली, पण घरोघरी अजून तीच स्थिती आहे. सेवा बदलली की जुना बॉक्स माळ्यावर जातो. म्हणून बॉक्स विकत देत आहेत की वापरायला, आणि सेवा सोडली तर अनामत परत मिळते का, हे आधीच लेखी घ्यावं. तक्रार अडली तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावं. वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः सोडवत नाही.

७. शेजाऱ्याचा षटकार आधी का जातो?

क्रिकेटच्या दिवशी शेजारी आधी ओरडतात आणि चेंडू आपल्याकडे नंतर सीमापार जातो. ३६ हजार किलोमीटर जायला लहरीला ०.१२ सेकंद लागतो. वर-खाली मिळून ०.२४. केबलवरचं चित्र अशी एक फेरी करतं, तर डीटीएचवरचं बहुतेकदा दोन, कारण ते कंपनीकडून पुन्हा वर जातं. म्हणजे उपग्रहामुळे पडणारा फरक फक्त पाव सेकंदाचा. बाकीचा उशीर चित्र दाबून लहान करणं आणि बॉक्समध्ये ते पुन्हा उलगडणं यांत जातो. तो कंपनीनुसार आणि बॉक्सनुसार बदलतो, त्यामुळे डिश नेहमीच मागे असते असं नाही. मोबाइलच्या ॲपवर पाहणारा मात्र बहुधा सगळ्यांच्या मागे, कधीकधी अर्ध्या मिनिटाने.

८. महिना शून्य रुपये

या सगळ्या चर्चेत फ्री डिशचं नाव फारसं कुणी घेत नाही, कारण ती विकायला कुणी दारात येत नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, नंतर मासिक शुल्क काहीच नाही. प्रसार भारतीची ही सेवा देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. सशुल्क डीटीएचची सक्रिय घरं २०२४ च्या अखेरीस सुमारे ५.८ कोटी होती आणि काही वर्षं ती कमी होत आली आहेत. म्हणजे फुकटची छत्री आता चारही सशुल्क कंपन्यांच्या बेरजेच्या जवळ येऊन ठेपली आहे.

फ्री डिशवर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत, त्यात सह्याद्री आलीच. खासगी वाहिन्या लिलावात जागा विकत घेऊन येतात, त्यामुळे आज दिसणारी मराठी किंवा सिनेमाची वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या मराठी मालिका आणि महागडं क्रिकेट हवं असेल, तर ही सेवा अपुरी पडते. पण शेतावरच्या घराला, गावच्या बंद घराला, किंवा ज्यांचं बाकी सगळं मोबाइलवर पाहून होतं अशा जोडप्याला माझ्या मते हिच्याइतकं शहाणपणाचं दुसरं काही नाही. महिन्याला अडीचशे रुपये भरून दूरदर्शन आणि बातम्याच पाहणारी बरीच घरं आहेत.

९. तुमच्या घरासाठी काय?

दक्षिण-आग्नेयेला मोकळं आकाश नाही, किंवा सोसायटीची परवानगी नाही, तर केबल. इथे विचार करायला जागाच नाही. वारंवार वीज जाते आणि घरी इन्व्हर्टर आहे, तर डिश. वस्तीपर्यंत फायबर आलेला आहे, इंटरनेटही हवं आहे आणि केबलवाल्याचं गल्लीत चांगलं नाव आहे, तर दोन्ही त्याच्याकडून घेतलेलं सोयीचं आणि बहुधा स्वस्त. भाड्याच्या घरात राहता आणि दर दोन वर्षांनी बदलता, तर छत्री उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च धरा. डिश सोबत नेता येते, पण नव्या घराची दिशा तपासूनच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल, तर डिश घ्यायला हरकत नाही. फक्त महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी जोराचा पाऊस आला तर काही मिनिटं हुकतील, हे मान्य करून घ्या. चित्राच्या दर्जासाठी मात्र सेवा बदलू नका. एचडी वाहिनी दोन्हीकडे सारखीच चांगली दिसते आणि साधी वाहिनी मोठ्या पडद्यावर दोन्हीकडे सारखीच पुसट.

काहीही निवडलंत तरी एक करा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, अशी ऑफर तुम्हाला पहिल्याच दिवशी दिली जाईल. ती तेव्हा घेऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यामहिन्याने रिचार्ज करा, पावसात चित्र किती वेळा गेलं आणि तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला, ते पाहा. ऑफर दसऱ्याला पुन्हा येतेच.